हळद फोटोतही हळदीसारखीच दिसावी : बचत गटाच्या मालाचे फोटो मोबाईलवर कसे काढायचे

समुद्रपूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा गट हळद, लाल तिखट, जवसाची चटणी आणि उन्हाळ्यात कुरड्या-पापड करतो. प्रदर्शनात माल हातोहात खपतो. पण व्हॉट्सॲप स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर टाकलेल्या फोटोंत हळद नारिंगी दिसते, पाकिटावर चकाकी येते, चटणी ओळखूच येत नाही, आणि ऑर्डरी फक्त ओळखीच्यांच्याच येतात. रिंगलाइट घ्यावा, लाइटबॉक्स (आत दिवे लावलेली पांढरी पेटी) घ्यावा, की गटाच्या पैशातून कॅमेराच घ्यावा, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, सध्या यातलं काहीच घेऊ नका. दहा-बारा हजारांचा साधा मोबाईल या कामाला पुरतो. मी वर्धा, यवतमाळ, नागपूरकडच्या गटांच्या मालाचे फोटो काढते आणि त्यातलं बरंचसं काम मोबाईलवरच होतं. रिंगलाइट माणसाच्या चेहऱ्यासाठी बनलेला आहे. चकचकीत पाकिटावर त्याचं पांढरं कडं उमटतं, आणि तेही नेमकं गटाच्या नावावर. स्वस्त लाइटबॉक्समधल्या दिव्यांचा उजेड पुष्कळदा निळसर नाहीतर हिरवट असतो, त्यात हळद आणखी बिघडते.

तुमचा माल प्रदर्शनात का खपतो ते बघा. बाई पाकीट हातात घेते, उजेडात धरते, चिमूटभर हळद बोटांवर चोळते, चटणी जिभेवर ठेवते. मोबाईलवर तिला यातलं काहीच करता येत नाही, तिच्याजवळ फक्त डोळे असतात. म्हणून फोटोत रंग, पोत आणि आकार खरा दिसलाच पाहिजे. फोटो देखणा दिसणं त्याच्या नंतर. पार्सल फोडल्यावर ती माल फोटोशी ताडून बघते, आणि जुळला तरच दुसऱ्यांदा मागवते. हळदीत रंग मिसळतात हे आता घरोघरी माहीत झालं आहे. तुमची हळद फोटोत भडक दिसली की अनोळखी गिऱ्हाइकाला ती आवडण्याऐवजी तिची शंका येते. तुमच्याकडे नव्या माणसांच्या ऑर्डरी न येण्यामागे हे एक मोठं कारण असू शकतं.

रंग बिघडतो तो मुख्यत: उजेडामुळे. घरात दारातून दिवसाचा उजेड येतो, वर ट्यूबलाइट चालू असते, शेजारी एखादा पिवळा बल्ब असतो. डोळे हे सगळं सांभाळून घेतात, मोबाईल घेत नाही. तो एका उजेडाप्रमाणे रंग लावतो आणि दुसऱ्याने माल पिवळा नाहीतर निळा पडतो. म्हणून फोटो काढताना घरातले सगळे दिवे बंद. लाईन गेलेली असली तर फारच चांगलं.

जागा म्हणाल तर छपरी सगळ्यात उत्तम. नाहीतर दाराच्या किंवा खिडकीच्या आत दोन-तीन हातांवर. ऊन मालावर थेट पडता कामा नये, पण बाहेरचा उजेड एका बाजूने भरपूर आला पाहिजे. दार उत्तरेला असेल तर दिवसभर काम होतं. पूर्वेचं असेल तर सूर्य वर चढल्यावर, पश्चिमेचं असेल तर दुपारच्या आधी. दारातून ऊन आत येतच असेल तर धुतलेलं पांढरं धोतर नाहीतर पातळ चादर दाराला ताणून बांधा, ऊन त्यातून गाळून येतं. उन्हाळ्यात शक्य तितकं सकाळीच उरका. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या शेडखाली मोबाईल इतका तापतो की कॅमेरा आपोआप बंद पडतो, आणि तुम्हालाही ते सोसवत नाही. पावसाळ्यातला ढगाळ दिवस मात्र अजिबात वाया घालवू नका. त्या दिवशी सगळं आभाळच मऊ उजेड देतं. गिऱ्हाइकं विचारतात इतके छान फोटो कुठे काढले, आणि ते श्रावणातल्या दुपारी छपरीत काढलेले असतात.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत हमखास आडवी येते, ती म्हणजे भिंतींचा रंग. निळा चुना, पोपटी डिस्टेंपर, गुलाबी ऑइलपेंट. उजेड भिंतीवर आपटून मालावर येतो तेव्हा भिंतीचा रंग सोबत घेऊन येतो. पोपटी भिंतीजवळ हळद हिरवट दिसते, गुलाबी भिंतीजवळ नारिंगी. डोक्यावर निळी ताडपत्री असेल तर तिच्याखाली कुठलाच रंग खरा येत नाही. उपाय सोपा आहे. भिंतीच्या बाजूला पांढरं थर्माकोल नाहीतर पांढरी कार्डशीट उभी करा. भिंत झाकली जाते, आणि उजेड मालावर परत फेकला गेल्यामुळे दुसऱ्या बाजूची काळी सावलीही कमी होते. फोटो काढणाऱ्या ताईने त्या दिवशी फिक्या रंगाचे कपडे घालावेत. लाल साडी स्टीलच्या ताटात आणि पाकिटाच्या प्लास्टिकवर चक्क दिसते.

आता हळद घेऊ. तीच तुमची मुख्य वस्तू आहे, आणि फोटोला ती जड जाते.

दाराजवळ पाट किंवा चौरंग ठेवा. त्यावर दगडी पाटा ठेवता आला तर बघा. त्याच्या राखाडी रंगावर हळदीचा पिवळा जसा उठून दिसतो तसा पांढऱ्या कापडावर दिसत नाही. पाटा नसेल तर न रंगवलेली जुनी सागाची फळी चालते. हळद काशाच्या नाहीतर पितळेच्या वाटीत काठोकाठ भरा, थोडी पाट्यावर सांडू द्या, आणि शेजारी दोन-तीन हळकुंडं ठेवा, त्यातलं एक मोडलेलं. मोडलेल्या हळकुंडाच्या आतला गर्द केशरी रंग हा तुमच्या मालाचा पुरावा आहे, तो लपवू नका. उजेड डावीकडून किंवा उजवीकडून येऊ द्या, तुमच्या पाठीमागून नको. पाठीमागून आला तर वाटी सपाट दिसते आणि तुमचीच सावली तिच्यावर पडते. मग चमच्याने हळदीवरून हलकी रेघ ओढा.

आता मोबाईल हातात घ्या. आधी लेन्स पुसा, जुन्या सुती साडीच्या तुकड्याने. तिखट कांडून, चटणी परतून मोबाईल हाताळलेला असतो, लेन्सवर तेलकट थर असतोच, आणि धुरकट फोटोचं कारण बहुतेक वेळा तेच निघतं. कॅमेऱ्यात ‘फूड’ किंवा ‘एआय’ नावाची सोय चालू असेल तर बंद करा, ती पिवळा आणि लाल रंग मुद्दाम भडक करते. फ्लॅश बंद. आता पडद्यावर हळदीवर बोट दाबून धरा. बहुतेक मोबाईलमध्ये एक चौकट येते, तिथे फोकस पक्का होतो आणि बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह दिसतं. ते चिन्ह हळूहळू खाली ओढा. हळद उजळ पिवळ्यावरून थोडी गडद होत जाईल. चमच्याने ओढलेली रेघ, तिच्या कडेचे बारीक कण स्पष्ट दिसू लागले की थांबा. रेघ दिसत नसेल आणि नुसता पिवळा डाग दिसत असेल तर उजेड अजून जास्त आहे. हीच खूण लाल तिखटालाही लावा. लाल रंग तर मोबाईलला याहून कठीण जातो. भिवापुरी मिरचीचं ताजं तिखट फोटोत शेंदरासारखं दिसतं ते याच कारणाने.

फोटो निघाला की लगेच पडदा आणि वाटी शेजारी-शेजारी धरून बघा. मोबाईलचा रात्रीचा पिवळसर पडदा, म्हणजे डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून असतो तो, आधी बंद करा, नाहीतर पडद्यावरचा रंगच खोटा असेल. रंग जुळत नसेल तर एक युक्ती आहे. त्याच जागी, त्याच उजेडात वाटीजवळ पांढरा कागद ठेवून एक जास्तीचा फोटो काढून ठेवा. स्नॅपसीड नावाचं मोफत ॲप आहे. त्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सुधारायची सोय, तिच्यातल्या ड्रॉपरने कागदावर टेकवलं की कागद पांढरा होतो, आणि त्याबरोबर हळदही आपल्या रंगावर येते. तेवढाच बदल मग बाकीच्या फोटोंना करा. ॲपमध्ये याहून जास्त काही करू नका. फोटो सरळ करणं, कडा कापणं, थोडा उजेड कमीजास्त करणं, बस्स. तयार फिल्टर अजिबात नको.

जवसाच्या चटणीची अडचण हळदीपेक्षा वेगळी आहे. गडद वस्तू दिसली की मोबाईलला वाटतं उजेड कमी आहे, मग तो सगळं उजळ करतो आणि खमंग तपकिरी चटणी राखेसारखी होते. इथेही सूर्याचं चिन्ह खालीच ओढायचं. शिवाय चटणी नुसती वाटीत ठेवली तर कितीही चांगला फोटो काढा, जवस काय असतं ते माहीत नसलेल्या पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. तिला जेवणात बसवा. ज्वारीची भाकरी, तिच्यावर चटणी, चटणीच्या मधोमध तेलाची धार, बाजूला फोडलेला कांदा. उजेड वस्तूच्या मागच्या बाजूने, थोडा तिरपा येऊ द्या म्हणजे तेल चमकतं. तेल फोटोच्या अगदी आधी घाला. थोड्या वेळात ते चटणीत मुरतं आणि चमक जाते.

कुरड्या-पापड पांढरे, म्हणून तिथे सूर्याचं चिन्ह वर. पांढरं दिसलं की मोबाईल उजेड कमी करतो आणि कुरडई मळकट दिसते. खाली काहीतरी गडद हवं, पळसाच्या पानांची पत्रावळ फार शोभते. पापड उजेडासमोर हातात उभा धरून काढा, त्याचा पातळपणा आणि आतले जिऱ्याचे दाणे आरपार दिसतात. तळलेली आणि न तळलेली कुरडई एकाच फोटोत शेजारी ठेवा. किती फुलते हे गिऱ्हाइकाला सांगावं लागत नाही.

आता पाकिटाची चकाकी. प्लास्टिकचं पाकीट आरशासारखं वागतं, समोर जे उजळ असेल ते दाखवतं. दार किंवा आभाळ त्यात दिसत असेल तर पाकीट थोडं पुढे झुकवा किंवा जरा फिरवा, चकाकी सरकून बाहेर जाते. एवढ्याने भागलं नाही तर ज्या बाजूचा उजेड त्यात दिसतो त्या बाजूला काळी ओढणी नाहीतर घोंगडी धरा. पाकीट फोटोसाठी वेगळं निवडा. आतला माल ठोकून खाली बसवलेला, हवा काढलेली, सुरकुत्या नसलेलं, लेबल सरळ चिकटलेलं, बाहेरची भुकटी पुसलेली. उभं राहत नसेल तर मागे तांब्या ठेवा. आणि फार जवळ जाऊ नका. जवळून काढलं की पाकिटाचं डोकं मोठं आणि पाय बारीक दिसतात. दोन-अडीच हात मागे सरकून दुप्पट झूम करा, मोबाईल पाकिटाच्या मध्याच्या उंचीवर आणि सरळ धरा. कॅमेऱ्यात जाळीच्या रेषा चालू केल्या की वाकडं धरलेलं लगेच कळतं. हात हलत असेल तर मोबाईल तांदळाच्या पिशवीवर टेकवा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा.

मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड पाकिटाला लावू नका, तो पाकिटाचे कोपरेच पुसून टाकतो. स्वस्त मोबाईलमधला मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायचा कॅमेरा, तोही कामाचा नसतो. मुख्य कॅमेऱ्याने वीतभरापेक्षा थोडं लांबून काढून नंतर कापलेला फोटो त्याहून चांगला येतो.

प्लास्टिकची फुलं, छापील मेणकापड, चकमकी, रांगोळी हे सगळं काढून टाका. सूप, टोपलं, जातं, खलबत्ता यांतली एकच वस्तू एका फोटोत ठेवा, आणि तीही मालाशी खरा संबंध असलेली. हळद चक्कीवर दळता आणि फोटोत जातं ठेवता, असं करू नका. इंटरनेटवरून उतरवलेला हळदीचा फोटो तर कधीच वापरू नका. तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि तुमच्या पाकिटात निघणारी हळद ती नसते.

प्रत्येक वस्तूचे थोडेच पण वेगवेगळ्या कामाचे फोटो हवेत. पाकीट समोरून. माल उघडा, जवळून. पाकीट हातात धरलेलं, म्हणजे २०० ग्रॅम म्हणजे केवढं ते कळतं. पाकिटाची मागची बाजू, वाचता येईल अशी. अनोळखी गिऱ्हाईक हाच फोटो मोठा करून बघतं. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, शाकाहारी असल्याची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा परवान्याचा) १४ आकडी क्रमांक तिथे दिसला की त्याचा निम्मा संशय जातो. आणि शेवटी तो पदार्थ ताटात.

यापेक्षाही जास्त मोलाचा फोटो म्हणजे काम चालू असतानाचा. तो शहरातल्या कुठल्याही ब्रँडला काढता येत नाही, तुम्हालाच येतो. हळद काढणं, शिजवणं, वाळत घालणं हे वर्षातून एकदाच होतं, साधारण जानेवारी ते मार्च. त्या दिवसांत वावरातच फोटो काढून ठेवा, वर्षभर पुरतात. कढईतून निघणारी वाफ, वाळणाऱ्या हळकुंडांवरून फिरणारा हात, मातीने भरलेला ताजा गड्डा. तसंच उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या घालताना, सोऱ्यातून पीठ पडतानाचे. इथे कुणाला मुद्दाम नटवून उभं करू नका. हातात बांगड्या असू द्या, पण नखं स्वच्छ आणि केस बांधलेले हवेत. खाण्याची वस्तू विकतो आहोत, गिऱ्हाईक हे बघतंच. आणि ज्या ताईचा चेहरा फोटोत येतो तिला विचारून घ्या. काहींना घरी चालत नाही, त्यांचे फक्त हात घ्या.

व्हिडिओ करायचा असेल तर दहा-पंधरा सेकंद पुरे. मोबाईल हलवू नका, एका जागी टेकवून ठेवा, समोर काम चालू द्या. मिरची कांडल्याचा, पापड तळल्याचा आवाज तसाच राहू द्या, वर गाणं लावू नका.

फोटो चांगला निघाला तरी पाठवताना खराब होतो. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. म्हणून पाठवताना वरचं एचडीचं चिन्ह दाबा, किंवा फार महत्त्वाचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गटाच्या ग्रुपवर फिरून आलेला फोटो परत उतरवून इन्स्टाग्रामवर टाकू नका. मूळ फोटो एकीच्या मोबाईलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये, महिन्याप्रमाणे ठेवा. फोटो उभाच काढा आणि चारी बाजूंना थोडी जागा सोडा, म्हणजे स्टेटससाठी आणि इन्स्टाग्रामसाठी वेगवेगळा कापता येतो. स्टेटस २४ तासांत जातं. त्यामुळे व्हॉट्सॲप बिझनेसचं मोफत ॲप घेऊन त्यातल्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तू, किंमत आणि वजन भरून ठेवा. कुणी विचारलं की तीच लिंक पाठवायची.

किंमत, फोन नंबर, ‘शुभ दीपावली’ हे सगळं फोटोवर छापू नका. फोटोखाली लिहा, साध्या भाषेत: काय आहे, किती वजन, किती पैसे, पोस्टाने किंवा कुरियरने पाठवायला वरून किती लागतील, कधीची दळलेली आहे. हळदीने अमका आजार बरा होतो असं मात्र लिहू नका. खाण्याच्या वस्तूच्या जाहिरातीत रोग बरा करण्याचा दावा कायद्याला चालत नाही.

तुमच्या तालुक्याचं आणखी एक आहे. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, मिळालेलं आहे. तुमची हळद खरोखर त्या वाणाची आणि ठरलेल्या भागातली असेल तर गटाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी आणि मगच ते नाव आणि चिन्ह पाकिटावर, फोटोवर मिरवावं. नोंदणी नसेल तोवर तुमच्या गावाचं नाव लिहा. तालुका, जिल्हा लिहा. तेही गिऱ्हाइकाला पुरेसं सांगतं.

दर नव्या दळणाचा नवा फोटो काढा. मागच्या वर्षीच्या हळदीचा रंग या वर्षी तंतोतंत येत नाही, आणि वर म्हटल्याप्रमाणे गिऱ्हाईक तोच जुळवून बघतं. गटात हे काम एकाच ताईकडे द्या, जिला त्याची आवड आहे तिच्याकडे, आणि जमलं तर फोटोची जागा, पाट, कार्डशीट कायमची ठरवून ठेवा म्हणजे सगळे फोटो एका घरचे दिसतात. पुढे ऑनलाइन बाजारात माल टाकायचा झाला तर तिथे पहिला फोटो बहुधा कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा मागतात. तेव्हा हीच कार्डशीट भिंतीला टेकवून वरून खाली वळवत पाटावर आणा, घडी न पाडता, आणि पाकीट तिच्यावर पुढच्या बाजूला उभं करा. गटाकडे खर्चायला पैसे असतीलच तर आधी लेबल चांगल्या कागदावर छापून घ्या, आणि उरले तर मोबाईलचा एक साधा स्टँड.